झाकल्या मुठीतली खोली

न पाहिलेल्या वस्तूचा सौदा करू नये, असे शहाणी माणसे सांगतात. आम्हां कौंडण्यपूरकरांना मात्र हा उपदेश सहजासहजी पटत नाही. त्याचे कारण पौराणिक आहे. आमच्या गावच्या भीमकराजाच्या लेकीने द्वारकेच्या कृष्णाला डोळ्यांनी पाहिले नव्हते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याचे गुण ऐकले, मनाशी निश्चय केला आणि एका विश्वासू ब्राह्मणाकरवी थेट निरोप धाडला. पुढचे सगळे आपणांस ठाऊकच आहे. ज्या अंबिकेच्या देवळातून कृष्णाने तिला रथात घेतले ते देऊळ आमचेच, असे आम्ही म्हणतो. ते आपल्या अंबादेवीचे, असे अमरावतीकर म्हणतात. हा वाद आपण आज मिटवायला नको. सांगायचे एवढेच, की न पाहता केलेला सौदाही उत्तम ठरतो, हे वर्धा नदीच्या काठचे आम्ही लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

एरवी या पानावर मी जेमतेम दोन घटका आपला वेळ घेतो. दिवाळी अंकात संपादकमहाराज जागा जरा ऐसपैस देतात, म्हणून यंदा एक अनुभव सविस्तर सांगतो. तो सांगताना माझी थोडी अब्रू जाणार आहे. पण सणासुदीला घर झाडायचे ते कोपऱ्यांसकट.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती अमेरिकेला चिरंजीवांकडे गेलो होतो. चिरंजीव मिशिगन राज्यात नोकरी करतात. एके संध्याकाळी ते संगणकापुढे बसून मला म्हणाले, "बाबा, शिकागोला जाऊ. हॉटेल मात्र कुठले ते पैसे भरल्यावर कळेल." मला वाटले, पोराची चेष्टा चालली आहे. पण चेष्टा नव्हती. इंटरनेटवर स्वस्त प्रवासाची दुकाने असतात, त्यांतल्या काहींचा हा रीतसर व्यापार आहे. हॉटेल शहराच्या कोणत्या भागात आहे ते सांगतात. तारे किती, पाहुण्यांनी गुण किती दिले, पोहण्याचा तलाव आहे की नाही, तेही सांगतात. फक्त नाव झाकून ठेवतात. आपण पैसे भरले की पडदा वर जातो. मग नाव आवडो न आवडो, पैसे बहुधा परत नाहीत.

ही युक्ती कालची नव्हे. १९९८ साली अमेरिकेत 'प्राइसलाइन' नावाचे दुकान निघाले. तिथे गिऱ्हाईकानेच किंमत बोलायची. ती पटली तर विमान किंवा हॉटेल कोणते ते मागाहून कळायचे. २००० साली 'हॉटवायर' आले. त्यांनी किंमत उघडी सांगितली आणि नाव झाकले. बोली लावण्याची ती पहिली तऱ्हा पुढे बंद पडली, नाव झाकण्याची मात्र टिकून राहिली.

गावी परतल्यावर हे सारे मी आमचे शेजारी बापूराव यांना पारावर समजावून सांगितले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "काहून जी मास्तर, हे तं डोये बांधून बैल घेतल्यावाणी झालं!"

बापूराव बैलावर आले ते बरे झाले, कारण या व्यापाराची किल्ली बैलबाजारातच सापडते. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बैल सगळ्यांसमोर उभा असतो. शिंगे, दात, चाल, सगळे उघडे. झाकलेला असतो तो भाव. का? तर शेजारच्या गिऱ्हाइकाला तो कळू नये म्हणून. एकाला बैल स्वस्त दिला हे चारचौघांना समजले, की उरलेले बैलही त्याच भावाने मागितले जातात.

हॉटेलवाल्याची अडचण नेमकी हीच आहे. त्याची खोली म्हणजे भाजीपेक्षाही नाशवंत माल. शिळी भाजी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने तरी जाते. आजची रिकामी राहिलेली रात्र उद्या कोणत्याच भावाने विकता येत नाही. म्हणून रिकाम्या खोल्या मिळेल त्या किमतीला द्याव्यात असे त्याला वाटते. पण दारावर स्वस्त भावाची पाटी लावली, तर पूर्ण दाम देणारे नेहमीचे गिऱ्हाईक बिथरते. तेव्हा तो खोली स्वस्त देतो आणि आपले नाव उपरण्याखाली घेतो. ज्याला अमुकच हॉटेल पाहिजे, किंवा ज्याचे बिल कचेरी भरते, तो पूर्ण भावाने उघडी खोली घेतो. ज्याला पैसा वाचवायचा आहे आणि नावाशी कर्तव्य नाही, तो झाकलेली घेतो. बैलबाजारात माल उघडा आणि भाव झाकलेला. इथे भाव उघडा आणि माल झाकलेला. उपरणे तेच.

आता फायद्याची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे तोट्याची सांगायला मला धीर येईल.

शिकागोत आमची झाकली मूठ खरोखर सव्वा लाखाची निघाली. पैसे भरल्यावर जे नाव उघडले ते पाहून चिरंजीवांनी टाळीच वाजवली. उघड्या भावाच्या जवळजवळ निम्म्यात शहराच्या मध्यभागी सतराव्या मजल्यावर खोली! लिफ्ट अशी, की पाण्याचा पेला हातात धरला तर थेंब सांडू नये. सकाळी आम्ही सौभाग्यवतींच्या चालीने, हळूहळू, पायीच 'आर्ट इन्स्टिट्यूट'ला गेलो. १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले ती याच इमारतीत. त्या वास्तूच्या पायरीवर ही घटकाभर बसली आणि म्हणाली, "एवढ्या दूर आल्याचं सार्थक झालं." त्या रात्री मला स्वतःच्या धोरणीपणाचे फार कौतुक वाटले. वास्तविक त्यात माझे काय होते? पैसे चिरंजीवांचे आणि नशीब हॉटेलवाल्याच्या रिकाम्या खोल्यांचे. पण पहिला डाव जिंकणाऱ्याला हा हिशेब सुचत नाही.

महिनाभराने नायगारा ठरला. या खेपेला चिरंजीवांचा विचार उघड्या नावाचे हॉटेल घेण्याचा होता. मीच म्हणालो, "कशाला? झाकलेले पाहा. चाळीस डॉलर वाचतात." जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला चाळीस डॉलरचे रुपये करायला वेळ लागत नाही. चिरंजीव क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, "पण बाबा, आईला चालेल ना?" तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, हे त्याला ठाऊक होते. मला तर होतेच. मी म्हणालो, "चालेल."

ही आत स्वयंपाकघरात होती.

नायगाऱ्याला पोहोचेपर्यंत सायंकाळ झाली. हॉटेल वाईट होते असे मी म्हणणार नाही. स्वच्छ होते, माणसे अदबीची होती. पण इमारत जुनी, दुमजली, आणि लिफ्ट नव्हती. आमची खोली वर. खालच्या खोल्या भरलेल्या. अठरा पायऱ्या होत्या. मी त्या मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर ही थांबत होती. वर गेलो तर न्हाणीघरात गुडघ्याएवढ्या उंच काठाचे टब. नळाखाली उभे राहायचे तर तो काठ ओलांडून आत पाय टाकला पाहिजे. तिने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चिरंजीव खाली जाऊन बोलून आले. खोली बदलता येईना, पैसे परत मिळेनात. आणि तसे आधी स्पष्ट लिहिलेलेही होते. गाडी उभी करण्याचे पैसे वेगळे पडले, म्हणजे त्या चाळीस डॉलरांतलेही सगळे वाचले नाहीत.

रात्री चिरंजीव कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. मी त्यांना चार शब्द सुनावण्याच्या बेतात होतो, तोच ही हळूच म्हणाली, "त्याले काही म्हणू नका. त्यानं तं इचारलं होतं. 'चालेल' तुम्ही म्हणाले."

बत्तीस वर्षे शाळेत मी मुलांना निरुत्तर केले. त्या रात्री माझी पाळी होती.

सकाळी तिचा गुडघा सुजला होता. त्या पायऱ्या उतरून, धबधब्यापर्यंत जाऊन पुन्हा चढणे तिला शक्य नव्हते. नातवाला घेऊन आम्ही गेलो. परत येऊन मी तिला सांगितले, "काही विशेष नाही गं, नुसते पाणी. आपल्या चिखलदऱ्याला पावसाळ्यात असेच दिसते." ती हसली. खोटे बोलणारा नवरा तिला नवा नव्हता. अकरा वाजता खोली सोडायची होती. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला खाली आणले. मी म्हटले, गाडी धबधब्यापर्यंत नेऊ. ती म्हणाली, "आता घरी चला." निघताना गाडीच्या काचेतून तिने आभाळात ढगासारखे उठलेले तुषार पाहिले. कौंडण्यपूरहून निघालेल्या बाईने नायगारा पाहिला तो एवढाच.

वाचकहो, या अनुभवातून मी काही नियम बांधले आहेत. मूठ झाकलीच असेल तर ती केव्हा घ्यावी? तरुण पाय असावेत, एका रात्रीचे काम असावे, बेत बदलण्याचा संभव नसावा. लिफ्ट, तळमजला, दोन वेगळे पलंग, यांतल्या एकाही गोष्टीवाचून अडणार असेल तर झाकलेली खोली घेऊच नये; कारण तिथे आपण विनंती करू शकतो, अट घालू शकत नाही. कर आणि इतर आकार धरून एकूण रक्कम किती होते ती उघड्या भावाशी ताडून पाहावी; फरक थोडा असेल तर नाव पाहून घ्यावे हे उत्तम. आम्ही गेलो होतो त्यानंतर, १२ मे २०२५ पासून, अमेरिकेत सक्तीचे आकार धरूनच हॉटेलचा भाव सांगावा असा नियम आला आहे. पण गाडी उभी करण्यासारखे ऐच्छिक खर्च त्यातही वेगळेच राहतात. ताऱ्यांवर फार विसंबू नये. आपल्याकडे ताऱ्यांचे अधिकृत वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते, तेही हॉटेलने अर्ज केला तर. इंटरनेटवरच्या दुकानात दिसणारे तारे पुष्कळदा त्या दुकानाने स्वतःच टांगलेले असतात. आणि आपल्या देशात खरोखर फसवणूक झाली, सांगितले एक आणि दिले दुसरे, तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा; २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पण 'नाव मागाहून कळेल, पैसे परत नाहीत' ही अट वाचून आपणच होकार दिला असेल, तर तक्रार कुणाची करणार?

हे नियम कोणीही शहाणा माणूस सांगेल. मला जो खरा नियम सापडला, तो कौंडण्यपुरात परत आल्यावर सापडला.

आषाढीला आमच्या गावाहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. वारकऱ्यांचा रोजचा मुक्काम म्हणजे झाकली मूठच असते. गाव ठाऊक असते. पाठ टेकायला शाळेचा व्हरांडा मिळेल, की कुणाची ओसरी, की भर पावसात ताडपत्री, हे आधी कुणी सांगत नाही. पण त्यात कुणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. कारण उघड आहे. ज्याने पाठ टेकायची, तोच आपल्या पायांनी निघालेला असतो.

आणि रुक्मिणीचे तरी काय? तिने कृष्णाला पाहिले नव्हते हे खरे. पण माहिती पुरेपूर काढली होती, आणि निरोपात जागा अन् वेळ नेमकी कळवली होती. होकार तिचा स्वतःचा होता. तिच्या भावाने, रुक्मीने, तिच्यासाठी शिशुपाल ठरवला होता. शिशुपाल म्हणजे चेदीचा राजा, चांगला नावाजलेला! नावाच्या दृष्टीने स्थळ उघडे होते, त्यात झाकलेले काही नव्हते. पण तिला न विचारता रुक्मी म्हणाला होता, "चालेल." तिचे सारे भांडण त्या एका शब्दाशी होते. ती कथा मी जन्मभर ऐकली, वर्गात मुलांना सांगितली, आणि नायगाऱ्याला जाऊन रुक्मीसारखा वागलो.

असो. यंदा चिरंजीव, सूनबाई आणि नातू दिवाळीला येणार आहेत. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आमच्या यात्रेपर्यंत राहतील. मधल्या दिवसांत चार दिवस महाबळेश्वरला जाऊ, असा त्यांचा बेत आहे. परवा फोन आला. "बाबा, हॉटेल बघतोय. एक स्वस्त..." वाक्य पुरे होण्याआधी मी फोन सौभाग्यवतींच्या हाती दिला.

तिने कानाला लावला, आणि ख्यालीखुशालीच्याही आधी विचारले, "नाव काय म्हणते त्याचं? अन् पायऱ्या किती?"