तुरुंगाच्या भिंतीआडचे युद्ध

८ जून २०१२ रोजी सकाळी पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहातील अंडा सेलमध्ये कतील सिद्दीकी या कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. बर्म्युडाची नाडी हे त्यासाठी वापरलेले साधन. बिहारमधील दरभंगा येथील या तरुणाला दिल्ली पोलिसांनी नोव्हेंबर २०११ मध्ये इंडियन मुजाहिदीनचा हस्तक या संशयावरून अटक केली होती. २०१० साली दगडूशेठ हलवाई गणपती मंदिराजवळ बॉम्ब ठेवण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवून महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने त्याला पुण्यात आणले होते. त्या आरोपाची शहानिशा न्यायालयात व्हायची होती. ती झालीच नाही.

या खुनाचा आरोप शरद मोहोळ आणि आलोक भालेराव या त्याच कारागृहातील दोघा बंद्यांवर ठेवण्यात आला. मोहोळचे नाव पुण्याला नवे नव्हते. टोळीयुद्धातील खुनासह अनेक गंभीर गुन्ह्यांचे आरोप त्याच्यावर होते. २०१९ मध्ये न्यायालयाने या दोघांचीही सुटका केली. न्यायालयाचा निर्णय आम्ही आदरपूर्वक स्वीकारतो. परंतु त्यामुळे उरणारा प्रश्न अधिकच अवघड होतो. राज्यातील सर्वांत कडक पहाऱ्याच्या कोठडीत एक माणूस मारला गेला आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणीही मारले नाही.

त्या दिवसांत झालेली चर्चा आम्हास आठवते. ‘बरे झाले, खटल्याचा खर्च वाचला’ असे म्हणणारी माणसे सुशिक्षित होती, देवभीरू होती. काही आपल्यातीलही होती. देश दहशतवादाशी युद्ध करीत आहे आणि युद्धात असे घडायचेच, असा त्यामागील युक्तिवाद. युद्धाची भाषा एकदा स्वीकारली की तुरुंगातील गुंडदेखील सैनिक वाटू लागतो. पुढे मोहोळच्या नावामागे ‘हिंदुत्ववादी’ हे विशेषण लावणारेही निघाले.

परंतु प्रत्यक्ष युद्धाचा कायदा काय सांगतो? १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार शत्रूचा पकडलेला सैनिकसुद्धा हिंसा, धाकदपटशा आणि अपमान यांपासून सुरक्षित राहिला पाहिजे. त्याची जबाबदारी पकडणाऱ्या शिपायावर वा तुकडीवर सोडलेली नाही. ती ज्या राज्यसत्तेच्या ताब्यात तो आहे त्या सत्तेची आहे. सिद्दीकी युद्धकैदी नव्हता, हे खरे. मात्र रणांगणावर हाती लागलेल्या शत्रूस जे संरक्षण आहे, त्याहून कमी संरक्षण आपल्याच देशाच्या नागरिकाला, तेही दोषी ठरण्यापूर्वी, असावे काय?

वर्षभरातच हाच प्रसंग आरशातल्यासारखा उलटा होऊन आपल्यापुढे आला. २६ एप्रिल २०१३ रोजी लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात सरबजितसिंग या भारतीय कैद्यावर सहबंद्यांनी हल्ला केला आणि २ मे रोजी त्यांचे निधन झाले. सारा देश हळहळला. पाकिस्तानचे तुरुंगाधिकारी काय करीत होते, असा रास्त प्रश्न आपण विचारला. दुसऱ्याच दिवशी जम्मूच्या कोट भलवाल कारागृहात सनाउल्ला या पाकिस्तानी कैद्याच्या डोक्यावर घाव घालण्यात आले. हल्लेखोर हा खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा माजी सैनिक होता. ९ मे रोजी सनाउल्ला मरण पावला. या वेळी मात्र ‘तुरुंगाधिकारी काय करीत होते’ हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

सरबजित प्रकरणातील दोन्ही आरोपी २०१८ च्या डिसेंबरात लाहोरच्या न्यायालयातून सुटले. त्यांच्यापैकी एकावर एप्रिल २०२४ मध्ये लाहोरमध्ये गोळीबार झाला. शरद मोहोळ त्याआधीच, ५ जानेवारी २०२४ रोजी, पुण्याच्या कोथरूड भागात भरदिवसा गोळ्या घालून मारला गेला. त्या खुनातील प्रमुख आरोपी त्याच्याच साथीदारांपैकी असल्याचे पोलिसांनी सांगितले. दोन देश, दोन तुरुंग, आणि शेवट इतका सारखा.

मृत्यू झालेला कैदी दरवेळी दहशतवादाचा आरोपी असतो असेही नाही. २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदिनीचा मृत्यू झाला, तो अंडी आणि पाव यांच्या हिशेबावरून झालेल्या मारहाणीत, असा आरोप कारागृहाच्याच महिला कर्मचाऱ्यांवर आहे. जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातील एका शिक्षाबंद्याचा सहबंद्यांनी खून केला. निमित्त आंघोळीवरून झालेला वाद.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकास हे सारे दूरचे वाटेल. तसे ते नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तीन जण अद्याप दोषी ठरलेले नव्हते. धडगाव वा अक्कलकुव्याच्या पाड्यावरील एखादा तरुण बाजारातील भांडणात अडकतो. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कोठून आणायचा? सातबारा आजोबांच्या नावे किंवा मुळीच नाही. ऐपतीचा दाखला हा शब्दही घरात कोणी ऐकलेला नसतो. तो तरुण आत राहतो, आणि त्याच्या शेजारी कोणाला ठेवायचे हे त्याच्या हाती नसते. मुरलेल्या गुन्हेगाराला प्रथमच आलेल्या कच्च्या कैद्यापासून वेगळे ठेवणे हे कारागृहाचे मूलभूत कर्तव्य होय. भरगच्च बराकीत ते सर्वप्रथम मोडते. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी कच्चे कैदी म्हणूनच गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी या शब्दाचा अर्थ प्रथमच विचारला होता.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी, अशी तरतूद २००६ पासून आपल्या कायद्यात आहे व नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. चौकशी होते, अहवाल तयार होतो. तो मृताच्या घरच्यांना वाचावयास मिळतो की नाही, हे मात्र बहुधा कोणी पाहत नाही. दरभंग्याच्या त्या घरी मुलगा दोषी होता की निर्दोष, याचे उत्तर आजवर कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही. ते आता मिळणारही नाही.