आधी एक पावसाळा थांबा

कर्जत-खालापुरात फार्महाउससाठी जमीन घेणारी जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यातली बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये येतात. त्या दिवसांत आमचा भाग उजाड दिसतो हे खरं आहे. गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, करवंदीच्या जाळ्या धुळीने माखलेल्या असतात, ऐन-किंजळाची पानं गळलेली असतात आणि एखादा उतार वणव्याने काळा झालेला असतो. "इथे तर काहीच नाही, सगळं सपाट करून घेऊ," असं मालक म्हणतात. जेसीबी येतो, दहा गुंठे बघता बघता सपाट होतात. मग लाल मातीचे डंपर रिकामे होतात, जूनमध्ये कार्पेट लॉनचे रोल अंथरले जातात आणि भिंतीलगत फॉक्सटेल पामची रांग उभी राहते. हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरभरून रोपं येतात, त्यात तोही येतो.

चौकजवळ माझी रोपवाटिका आहे आणि मी बागा लावून देते. लॉन आणि पाम विकण्यात जास्त पैसा आहे, हे मला रोजच्या हिशोबात दिसतं. तरीही येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: घर बांधायची घाई असली तरी जमिनीला एक पावसाळा हात लावू नका.

एप्रिलमध्ये जे दिसत नाही ते मातीखाली असतं. शेवळं, रानहळद, कळलावी, फोडशी, रानसुरण हे सगळे कंद उन्हाळाभर जमिनीत निजलेले असतात. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की शेवळाचा जांभळट-तपकिरी कोंब पानाआधीच वर येतो. कर्जत स्टेशनबाहेर जूनमध्ये ठाकर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी काकडांचा वाटा लावतात, कारण काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळं घशाला खाजतात. म्हणजे जमिनीत शेवळाचा कंद हवा आणि बांधावर काकडाचं झाडही हवं. जेसीबीचा एक फेरा दोन्ही घेऊन जातो. एवढा जुना कंदांचा साठा कुठल्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही, माझ्याकडेही नाही.

त्या एका पावसाळ्यात काय करायचं, तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून प्लॉटवर फिरायचं आणि जिथे जे उगवलंय तिथे बांबूची खुंटी ठोकायची. दिवाळीपर्यंत बरीचशी पानं सुकून नाहीशी होतात, मग खुंटीच तेवढी खूण उरते. सोबत जवळच्या वाडीतल्या एखाद्या ठाकर किंवा कातकरी बाईला न्यावं आणि तिला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी पानाच्या कडेवरून कंद ओळखतात, कुठली भाजी पहिल्या पावसात खायची आणि कुठली नंतर सोडायची हे सांगतात. खुंट्या ठोकून झाल्या की घर कुठे, रस्ता कुठे, विहीर कुठे हे ठरवायचं. आराखडा खुंट्यांभोवती काढला तर त्यात फार काही गमवावं लागत नाही.

लावायचं ते यानंतर, आणि थोडं. भिंतीऐवजी किंवा निदान भिंतीच्या आत करवंद आणि निगडीची वई. करवंदीच्या काट्यांत बुलबुल निर्धास्त घरटं करतो आणि मे महिन्यात पोरांना करवंदं मिळतात. गुजरात सरकारने 2023 मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी घातली, आणि आमच्याकडे अजून त्याचीच कुंपणं लावली जातात. मोठ्या झाडांत पांगारा, काटेसावर आणि पळस हवेत, कारण पाणी आटत असतानाच ती फुलतात आणि मैना, कोतवाल, शिंजीर सगळे त्यांच्यावर जगतात. एखादं उंबर असेल तर ते कधीही तोडू नये. उंबर पिकलं की हरियालांचा थवा उतरतो. तो आपला राज्यपक्षी आहे. वाळकी फांदी घराच्या किंवा वाटेच्या डोक्यावर नसेल तर राहू द्यावी, कारण तांबट अशाच लाकडात भोक पाडून घरटं करतो.

फुलपाखरांसाठी लोक रंगीत फुलझाडं मागतात. फुलावर फुलपाखरू येतं ते मध प्यायला, पण अंडी घालायला त्याला नेमकी ठरलेलीच झाडं लागतात. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू झालेलं नीलवंत लिंबू, बेल, पपनस यांच्या कुळातली झाडं शोधतं. बिबळ्या कडव्याला रुई लागते, जी साफसफाईत सगळ्यात आधी उपटली जाते. आंब्यावरचं बांडगूळ दिसलं की माळी ते कापतो. त्या पानाखाली बघा: हळदीकुंकू फुलपाखराची पिवळी अंडी ओळीने चिकटवलेली असतात आणि अळ्या घोळक्याने एकत्र खातात. फुलटोचा त्याच बांडगुळाचं फळ खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, तिथे नवं बांडगूळ रुजतं. आंब्याचं पीक घ्यायचं असेल तर बांडगूळ कापा, पण सावलीसाठी ठेवलेल्या जुन्या झाडावरचं एखादं राहू द्या. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या सुमारे दोन एकर जमिनीवर अशीच अळ्यांची झाडं आणि मधाची फुलं लावून फुलपाखरांची बाग उभी केली. मोठं शहर दाराशी असताना तिथे हे जमलं, मग आमच्याकडे तर मागे अख्खा सह्याद्री आहे.

लॉनबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्याच दिवसांत शेजारच्या बंगल्यात बोअरवेलच्या पाण्यावर हिरवळ जगवली जाते, आणि त्या हिरवळीवर अळीला खाण्यासारखं काही नसतं. बसायला-खेळायला एखादा गुंठा ठेवा, बाकीच्या जागेवर पावसाळी गवत येऊ द्या.

तसेच दिवे. राजमाचीचे काजवे बघायला लोक कोंदिवड्याहून रात्रीचे चढतात आणि वाटेतल्या फार्महाउसांचे फ्लडलाइट पहाटेपर्यंत चालू असतात. काजव्याची अळी ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. मोठा झाल्यावर नराकडे मादी शोधायला स्वतःच्या उजेडाशिवाय दुसरं साधन नसतं, म्हणून प्रखर दिव्याखाली त्यांची भेटच होत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत अंगणातले दिवे बंद ठेवा आणि पाला जाळू नका.

सापांची भीती रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आमच्याकडे आहेत. म्हणून घराभोवती दहा-पंधरा फूट जागा स्वच्छ ठेवा, लाकडं-विटांचे ढीग भिंतीला लावू नका, रात्री बॅटरी आणि बूट घेऊनच बाहेर पडा. उंदीर खाणारी धामण बांधावर राहत असेल तर तिला मारू नका. एवढं केलं तर त्यापलीकडची झाडी काढायची गरज पडत नाही.

माझी एक मागणी प्लॉटिंग करणाऱ्यांकडे आणि परवानगी देणाऱ्यांकडे आहे. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तिथे आज गझीबो, लॉन आणि कारंजं येतं. ही जागा नकाशात सगळ्यात आधी आखा. ती प्लॉटवरच्या सगळ्यात दाट झाडीची असू द्या आणि तिला जेसीबी लागणार नाही अशी अट परवानगीतच घाला.

प्लॉटधारकांनो, तुम्हीही तुमच्या रोपवाटिकेत कुंभा, आसाणा, काकड, मुरुडशेंग मागा. नाही म्हणाले तर आगाऊ पैसे देऊन नाव लिहून ठेवा. जांभळासारखी बी वाळली की रुजत नाही, ती जूनमध्येच गोळा करून लगेच पेरावी लागते. म्हणून ऑर्डर मेअखेरपर्यंत हाती हवी.