पूर येण्यापूर्वी : पेट्रोल घरात नको, गाडीच्या टाकीत असू द्या

मृग जवळ आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठी धान्य, औषधे, मेणबत्त्या यांची बेगमी सुरू होते. अलीकडे काही घरांत तिच्या जोडीला पेट्रोलचा कॅनही दिसतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, टँकर अडकले आणि कोल्हापुरात इंधनाची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला. तेव्हा लोकांची काळजी अनाठायी नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर गाडीत तेल हवेच. प्रश्न एवढाच, की ते ठेवायचे कुठे?

पाणी चढू लागले की सारे कुटुंब माडीवरच्या एका खोलीत गोळा होते. स्टोव्ह तिथेच, मेणबत्ती तिथेच, मुलेही तिथेच. आणि कॅनही वर आणला जातो. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि चार हातांवरच्या ज्योतीनेही पेट घेते. रस्ते बंद असताना भाजलेला रुग्ण न्यायचा कुठे?

म्हणून माझे मत असे, की घरासाठी सर्वांत सुरक्षित साठा म्हणजे गाडीची स्वतःची टाकी. पावसाळाभर ती निम्म्याखाली येऊ देऊ नका आणि इशारा मिळताच गाडी उंचावर नेऊन ठेवा. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने साठवलेले पेट्रोल ऐनवेळी दगाही देते.

वेगळा साठा करणे भागच असेल तर कायदा पाहा. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, तेही घट्ट बुचाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या त्यात बसत नाहीत. डबा काठोकाठ भरू नका. राहत्या घरापासून दूर, सावलीत, पुराच्या रेषेवर ठेवा आणि बांधून ठेवा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने डबा तरंगत जातो.

नळीने तोंडाने तेल ओढण्याची सवय तर सोडाच. घोट फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होतो. मुलाने पेट्रोल प्यायल्यास उलटी करवू नका, तडक दवाखाना गाठा. अंगावर सांडल्यास ज्योतीपासून दूर होऊन कपडे उतरवा आणि साबण-पाण्याने अंग धुवा. भाजल्यास वीस मिनिटे स्वच्छ गार पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. जनरेटर बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.

राहता राहिला गावाचा प्रश्न. रुग्णवाहिका आणि मोठे जनरेटर बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही आणि विहित आकाराच्या भांड्यांत, एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत ठेवण्यास परवाना लागत नाही. ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने उंचावर एकच कुलूपबंद साठा करावा, किल्ली कोणाकडे हे फलकावर लिहावे आणि आधीचे डिझेल वापरून नवे भरत राहावे. गावात अशी सोय असली, तर घराघरांत कॅन ठेवण्याची गरजच उरणार नाही. यंदा ग्रामसभेत हा विषय कोणीतरी काढायला हवा. तो आपणच काढावा.