पेपर वाटून झाल्यावरचा एक तास

सहामाही संपली की दिवाळीची सुट्टी लागते, आणि तपासलेले पेपर बऱ्याचदा सुट्टीनंतरच हातात पडतात. वाशी-नेरूळच्या घरांत चकली तळली जात असताना सातवी-आठवीतल्या कुणाच्या तरी पोटात गणिताच्या पेपराचा गोळा असतो.

सिडको महामंडळाने १९७० पासून नवी मुंबई हे शहर आखून वसवले. शाळा, मैदान, बाजार यांच्या जागा आधी ठरवल्या. पण इथे कित्येक घरांत आई-बाबा हार्बर मार्गाच्या लोकलने रात्री उशिरा परततात आणि आजी गावी असते. मार्क कळल्यानंतरचा पहिला तास मूल बंद फ्लॅटमध्ये एकटे काढते. त्या तासात त्याच्याशी बोलणारे एकच कुणी असते, ते स्वतः. आणि ते काय बोलते? ‘मी ढ आहे.’ हे शब्द त्याचे नसतात. ते आपल्याकडूनच त्याच्या कानावर पडलेले असतात.

पेपर वाईट गेला म्हणून माणूस वाईट ठरत नाही, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. स्वतःचा विनाअट स्वीकार हा तिचा गाभा. शेजारच्या ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा घराघरांत नेली. पुढे २००३ मध्ये टेक्सासच्या क्रिस्टिन नेफ यांनी बौद्ध विचारातली करुणा स्वतःकडे वळवून तिची मानसशास्त्रीय मांडणी केली: चुकलेल्या स्वतःशी मायेने वागायचे, चुकणारे आपण एकटे नाही हे ओळखायचे, आणि दुःख दडपायचे नाही की फुगवायचेही नाही.

‘अशाने मुले शेफारतील’ असे पालक म्हणतात. ही भीती खोटी आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात एका अवघड चाचणीत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवले गेले. पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला तो त्यांनीच. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कारण साधे आहे. ज्याला स्वतःचीच धास्ती वाटत नाही, तो चुकलेले गणित पुन्हा उघडून बघतो.

स्वतःशी असे समजुतीने वागणे शाळेत शिकवता येते. वहीचे एक पान घ्यावे. जिवलग मैत्रिणीला कमी मार्क पडले तर तिला काय लिहाल? मुले भरभरून लिहितात. मग तेच पत्र स्वतःच्या नावाने लिहायचे. इथे पेन अडते, आणि खरे शिकणे इथूनच सुरू होते.

मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, तर मात्र वहीवर भागवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

शिक्षकहो, सुट्टीनंतर पेपर वाटाल त्या दिवशी तासाची शेवटची वीस मिनिटे या पत्रासाठी राखून ठेवा.