स्टिकर शंभरचा, गाडी कशाची?

परवा कॉलेज रोडवर चहा घेताना मित्राने मोबाइल पुढे केला. ‘‘आरएक्स १००! आज टोकन देतोय.’’ टाकीवर चकाचक स्टिकर, साइड पॅनलवर बॅज. म्हटलं, थांब रे बाबा, आधी गाडी तर बघू.

आपल्याकडे ही गाडी बनली १९८५ ते १९९६, एवढीच वर्षं. म्हणून तर भाव! नंतरची आरएक्स १३५ दिसायला जवळपास तीच, पण भाव तेवढा नाही. स्टिकर-बॅज नवे मिळतात, हौसेने लावले तर कोण अडवतंय? अमेरिकेत तर जुन्या मसल कारचे ट्रिम टॅगसुद्धा हुबेहूब बनवून मिळतात. लोचा होतो तो विकताना.

हँडलजवळ चेसिसवर ठोकलेला नंबर टॉर्च मारून पाहिला. (तो घासलेला दिसला तर सरळ घरी या. तुम्ही गाडी नाही, पोलीस केस विकत घेताय.) मग इंजिनचा नंबर. दोन्ही आरसी बुकाशी जुळले. मित्र खूश! पण त्याच आरसीवर लिहिलेलं, १३२ सीसी, मॉडेल १९९९. शंभरचं इंजिन ९८ सीसीचं असतं, बॉस.

मालक शांतपणे म्हणाले, ‘‘स्टिकर तर शंभरचाच आहे ना?’’

टोकन वाचलं. मिसळ मित्राकडून.

घरी आलो तर पार्किंगमध्ये बाबांची १३५ उभी. तिच्यावर शंभरचा स्टिकर मीच मारलेला, कॉलेजात असताना. शनिवारपासून काढतोय. गोंद काही निघत नाहीये.