विश्लेषण : चालकाचा ‘डोळा लागण्या’आधी यंत्राला कसे कळते? ‘आय ट्रॅकिंग’ म्हणजे काय?

उरणकरांना कंटेनर ट्रेलरची ओळख करून द्यावी लागत नाही. करळ फाटा, जासई, दास्तान फाटा, गव्हाण फाटा, कुठूनही जा, एक रांग चालत असते आणि एक कडेला उभी असते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख कंटेनरची (वीस फुटी कंटेनरच्या मापात) ने-आण झाली. त्यातले काही रेल्वेने जातात, पण मोठा भाग ट्रेलरवर लादून रस्त्यानेच निघतो. आणि अपघात झाला की बातमीत एक ठरलेले वाक्य येते : ‘चालकाचा डोळा लागल्याने त्याचे वाहनावरील नियंत्रण सुटले.’ डेस्कवर बसून हे वाक्य आम्ही इतक्यांदा टाइप केले आहे की बोटे ते आपोआप लिहितात.

आता हा ‘डोळा लागणे’ प्रकार यंत्राने आधीच ओळखावा, अशी तयारी सुरू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढलेल्या मसुदा अधिसूचनेत नव्या बस आणि मोठ्या मालवाहू वाहनांमध्ये चालकाची तंद्री ओळखून इशारा देणारी यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव आहे. अशा यंत्रणांचा एक मोठा प्रकार म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे रोखलेला कॅमेरा. हे तंत्रज्ञान चांगलेच आहे. प्रश्न आहे तो कॅमेऱ्याला जे दिसते ते कोणाला कळणार, याचा.

नजर मोजतात कशी?

हा मजकूर वाचताना तुमचे डोळे ओळीवरून सरळ सरकत आहेत असे तुम्हाला वाटत असेल. तसे होत नाही. डोळा उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागात पुढच्या शब्दावर जातो. मध्येच मागेही येतो. वाचनातल्या या उड्यांकडे १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रतज्ज्ञाने लक्ष वेधले. उड्या माराव्या लागतात, कारण डोळ्याला सगळे सारखे स्पष्ट दिसतच नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. जेवढे नख, जवळपास तेवढाच भाग खरा ठसठशीत दिसतो. बाकीचे चित्र मेंदू जुळवून घेतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडमंड ह्युई या अमेरिकी संशोधकाने या उड्या मोजण्यासाठी प्लास्टरची छोटी वाटी थेट बुबुळावर बसवली होती आणि तिला काडी जोडून हालचाल नोंदवली होती. वाचूनच डोळ्यांत पाणी येते. आज डोळ्याला हातही लावावा लागत नाही. न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतात. त्याचा एक ठिपका डोळ्याच्या पारदर्शक पटलावर चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण हा ठिपका जवळपास जागेवरच राहतो. कॅमेरा या दोहोंमधले अंतर मोजतो आणि त्यावरून नजर कुठे आहे हे गणिताने काढतो. त्याआधी पडद्यावरच्या चार-पाच ठिपक्यांकडे बघायला सांगून यंत्राला तुमच्या डोळ्यांची सवय लावावी लागते.

यासाठी आता महागडे यंत्रही लागेनासे झाले आहे. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये फक्त फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने नजर मोजून दाखवली. चूक होती सरासरी ०.४६ सेंटिमीटर, म्हणजे फोनच्या कीबोर्डवरच्या एका अक्षराच्या आसपास. अर्थात फोन नीट धरलेला, आधी सराव करून घेतलेला, अशा बेताच्या परिस्थितीत. लोकलमध्ये दाराशी उभ्या माणसावर हा प्रयोग झालेला नाही.

पवईत नजरेवरून पकडला टोमणा

कुठे पाहिले एवढेच नजर सांगते असे नाही, कुठे अडले हेही सांगते. या विषयावर मुंबईतच महत्त्वाचे काम झाले आहे. पवईच्या आयआयटीमध्ये प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली अभिजित मिश्रा आणि सहकाऱ्यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून त्या संगणकाला भाषा शिकवण्यासाठी वापरल्या. एखादे वाक्य भाषांतराला किती अवघड आहे, हे भाषांतरकाराच्या नजरेवरून ठरवता येईल का, हा त्यांचा २०१३ मधला शोधनिबंध. पुढे २०१६ मध्ये ते उपहासाकडे वळले. ‘वा, काय छान सेवा आहे, दोनच तास रांगेत उभे केले’, असे वाक्य संगणकाला स्तुती वाटते. माणूस मात्र ‘दोनच तास’पाशी थबकतो आणि त्याचे डोळे झटकन ‘छान’वर परत जातात. (उदाहरण माझे आहे, त्यांचे मजकूर इंग्रजी होते.) या मागे फिरण्याची, थबकण्याची नोंद जोडली की संगणकाला टोमणा अधिक चांगला ओळखता येतो, असे त्यांना आढळले. हे सारे काम २०१८ मध्ये पुस्तकरूपानेही आले.

मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे, की वाचणाऱ्याने तोंडातून शब्द काढलेला नसतो, बटण दाबलेले नसते, तरी त्याच्या मनात काय झाले याचा माग निघतो. हीच या तंत्राची ताकद आणि हीच भीती.

नजरेने फोन चालवता येतो का?

येतो. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ही सोय आहे. अँड्रॉइडवर गूगलचे ‘लुक टू स्पीक’ हे ॲप २०२० मध्ये आले. डावी-उजवीकडे, वर पाहून ठरावीक वाक्ये निवडायची आणि फोनने ती बोलायची.

पण हातीपायी धडधाकट माणसाने हे वापरून पाहिले तर पाच मिनिटांत वैतागतो. कारण डोळा हे बघण्याचे साधन आहे, बटण दाबण्याचे नव्हे. रॉबर्ट जेकब या अमेरिकी संशोधकाने १९९० च्या सुमारास या अडचणीला ‘मिडास टच’ म्हटले. मिडास राजाने हात लावला त्याचे सोने झाले, तसे नजर पडली ते उघडले. आपल्याकडचा भस्मासुर म्हणा. त्यावर उपाय म्हणजे एखाद्या चिन्हावर अर्धा-एक सेकंद नजर रोखली तरच ती आज्ञा समजायची. मग काम होते, पण हळू होते.

ज्याचे हात चालत नाहीत, वाचा गेली आहे, त्याला हा हळूपणा चालतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात हातपाय, जीभ, गळा हळूहळू साथ सोडतात, पण डोळ्यांची हालचाल बहुधा बराच काळ टिकते. (स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी टाइप करत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांचा संगणक गालाच्या स्नायूच्या हालचालीवर चाले.) बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने बोलण्या-हालचालींवर गंभीर मर्यादा असलेल्या तरुणांसाठी नजरेने चालणारा रोबोटिक हात तयार केला. २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला वापरकर्त्यांना सरासरी पंधरा सेकंदांहून कमी वेळ लागला. ज्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने काही उचललेले नाही, त्याच्यासाठी हे पंधरा सेकंद फार नाहीत.

येथे नजर माणूस स्वतःहून देतो आणि त्याला काहीतरी मिळते. केबिनमध्ये तसे असेलच असे नाही.

ट्रेलरच्या केबिनमध्ये कॅमेरा काय पाहतो?

स्टिअरिंगजवळचा छोटा अवरक्त कॅमेरा अंधारातही पापण्या पाहतो. नेहमीची उघडझाप सेकंदाच्या छोट्या अंशात आटोपते. झोप येऊ लागली की पापणी सावकाश खाली येते आणि खालीच रेंगाळते. म्हणून एका मिनिटात किती वेळ पापणी ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेली होती, हे मोजतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात रुळलेल्या या मापाला ‘पर्क्लोज’ म्हणतात. प्रमाण वाढले की बजर वाजतो किंवा आसन थरथरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रेलर तीन सेकंदांत ५० मीटर जातो. चाळीस फुटी चार कंटेनर एकामागे एक ठेवा, एवढे अंतर डोळे मिटून. त्यामुळे बजर वाजणे न वाजणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, यात शंका नको.

पण तो दर वेळी बरोबर वाजतो का? महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा, शेवटच्या वर्षाला ‘ड्रायव्हर ड्राउझिनेस डिटेक्शन’ हा प्रकल्प केलेला एक तरी गट सापडेलच. आमचाही होता. डोळ्याभोवतीचे सहा बिंदू घ्यायचे, उंचीला रुंदीने भागायचे, आकडा ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की भोंगा. परीक्षकांसमोर झकास चालला. त्याआधी मात्र गटातल्या एका मित्राचे डोळे मुळातच बारीक असल्याने यंत्र त्याला कायम झोपलेला समजत होते, आणि त्याच्यासाठी मर्यादा बदलली तर बाकीचे झोपले तरी भोंगा वाजेना. चष्म्यावर दिवा चमकला की सगळेच बिघडे. बाजारातल्या यंत्रणा आमच्या प्रकल्पापेक्षा कितीतरी पुढच्या आहेत. तरी अडचणीची जात तीच आहे : प्रत्येकाचे डोळे वेगळे, समोरून येणाऱ्या गाडीचा हायबीम वेगळा.

चुकीचा बजर वाजला तर चालक वैतागेल, फार तर कॅमेऱ्यावर कापड टाकेल. पण तोच चुकीचा इशारा मालकाच्या मोबाइलवर ‘चालक झोपला होता’ म्हणून जात असेल, महिन्याच्या शेवटी त्यावरून पैसे कापले जात असतील, तर?

माहिती कोणाकडे जाणार?

युरोपीय संघाने तंद्री ओळखणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना सक्तीची केली. ज्या २०१९ च्या नियमाने ती केली, त्यातच अटही घातली : ही माहिती गाडीतल्या यंत्रणेबाहेर जाता कामा नये, कोणा तिसऱ्याला मिळता कामा नये आणि काम झाल्यावर लगेच पुसली गेली पाहिजे. म्हणजे यंत्राने चालकाला उठवावे, त्याची चहाडी करू नये.

आपल्याकडे संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. त्यात डोळ्यांच्या माहितीसारख्या नाजूक माहितीचा वेगळा वर्ग नाही. शिवाय कलम ७ नुसार नोकरीच्या कारणासाठी, मालकाला नुकसान किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरता येते. ट्रेलरमालक याच कलमाकडे बोट दाखवील आणि कायद्याने ते फारसे चूक ठरणार नाही. म्हणून केबिनमधल्या कॅमेऱ्याचे अंतिम नियम येतील तेव्हा युरोपसारखी अट त्यातच लिहिलेली हवी. नंतर कोणी न्यायालयात जाऊन ती मिळवायची, ही अपेक्षा महिन्यातले वीस-पंचवीस दिवस रस्त्यावर असणाऱ्या माणसाकडून करू नये.

दुसरी गोष्ट यंत्राच्या हातातली नाही. कॅमेऱ्याला झोप दिसते, झोप का आली ते दिसत नाही. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ मध्येच दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी. एक-दोन ट्रेलरवाला त्यात येतच नव्हता. बंदराच्या गेटवरची प्रतीक्षा, कंटेनर गोदामातली प्रतीक्षा, रस्त्यावरची कोंडी हे सगळे चालकाच्या जागरणात मोजले जाते, पण त्याच्या कामाच्या तासांत धरले जातेच असे नाही. अशा माणसाला बजर वाजवून उठवले, तर तो उठेल, तोंडावर पाणी मारेल आणि पुन्हा गिअर टाकेल. खेप वेळेत पोहोचवायची असते.

आणि मोजायचेच म्हटले तर आपल्याला मोजता येत नाही असेही नाही. याच बंदरात जुलै २०१६ पासून कंटेनरना आरएफआयडी टॅग लावले जातात. कोणता कंटेनर किती वाजता गेटबाहेर पडला, कुठल्या टोलनाक्यावरून गेला, किती तास कुठे पडून राहिला, हे त्याच्या मालकाला घरबसल्या फोनवर दिसते. तो कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरचा चालक शेवटचा कधी झोपला होता, ते या पडद्यावर दिसत नाही.