छापता न आलेले नृत्य

‘प्रगतिवादी साहित्य’ हा घटक शिकवताना आम्ही अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकापाशी हमखास रेंगाळतो. त्याच काळात त्याच मुंबईत, अंधेरीला, इप्टाचे ‘सेंट्रल स्क्वॉड’ हे फिरते नृत्यपथक नांदत होते, याचा उल्लेख मात्र आमच्याकडूनही क्वचितच होतो. कलापथकाची लोकनाट्ये आणि गाणी छापली गेली. नृत्य छापता आले नाही. वाङ्मयेतिहासाला कागद लागतो, एवढेच यामागचे कारण.

हे पथक १९४४ साली उभे राहिले. बंगालचा १९४३चा दुष्काळ ही त्यामागची तातडी. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन उदय शंकरांच्या अल्मोडा केंद्रातून आलेले. निरनिराळ्या प्रांतांतली तरुण मुलेमुली एकत्र राहत, तालीम करत आणि गावोगावी प्रयोग घेऊन जात. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’त दुष्काळ आणि परसत्ता, ‘इंडिया इम्मॉर्टल’मध्ये देशाच्या इतिहासाचा पट. या दुसऱ्याचे संगीत रविशंकरांचे. स्वातंत्र्य उजाडेपर्यंत पथक विसर्जित झालेले होते. ज्या कम्युनिस्ट पक्षाने ते पोसले, त्याच्या शिस्तीत काही कलावंतांचा जीव रमेना, हेही खरे.

अशा पथकांना ‘प्रचारकी’ म्हणून मोडीत काढण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. (न पाहिलेल्या प्रयोगावर शेरा मारणे सोपेच असते.) पण शांती बर्धनांनी १९५२ साली मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ काढला आणि त्यांच्या ‘रामायणा’त जिवंत नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलले. ही रचना केवळ प्रचार करणाऱ्याच्या हातून झाली असती, असे आम्हांला वाटत नाही. बर्धन १९५४ साली क्षयाने गेले. स्क्वॉडमध्ये नाचलेल्या गुल बर्धन यांनी तो ट्रूप पुढे ग्वाल्हेर आणि भोपाळला नेऊन अनेक दशके चालवला. म्हणजे जे दोनतीन वर्षांत संपले असे आपण धरून चालतो, ते दुसऱ्या नावाने चालूच होते.

तेव्हा अभ्यासक्रमात या पथकाला जागा हवी, मग संहिता नसली तरी चालेल. आठवणी आहेत, छायाचित्रे आहेत. शिवाय इक्बालांचे ‘तराना-ए-हिंदी’ आज शाळाशाळांतून ज्या चालीवर म्हटले जाते, ती चाल रविशंकरांनी इप्टाच्या त्या दिवसांतच बांधली. आमच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असते. अंधेरीचे नाव तेवढे ठाऊक नसते.